आबांचं पेरायचं बी

मे महिन्यात रहिमतपुरात दुपारी बाराला रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, आणि मानसिंगची नात क्रांती नेमकी तेव्हाच बाहेर धूम ठोकायची. सांगलीहून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी पोरीचा घोळणा फुटला. लेकीनं फोनवर बापाला दम भरला, "आबा, चारपर्यंत तिला घरातच ठेवायची. आणि मोबाईल द्यायचा न्हाई."

झालं! आठ वर्षांच्या भिंगरीला चार तास बसवायचं कसं? मानसिंग फौजेतला रिटायर हवालदार. रिकामा जवान डोकं खातो म्हणून तिथं खड्डे खणायला लावायचे, अन् तेच परत बुजवायला लावायचे. तीच अक्कल त्यानं इथं पाजळली. किलोभर मटकी आणि किलोभर हुलगा एका परातीत कालवला.

"पेरायचं बी हाय गं. लय घोटाळा झालाय. माझी नजर पोचत न्हाई, तू निवडून देशील का?"

पोरगी मांडी घालून बसली ती बसलीच. दोन्ही दाणे तपकिरी, डोळे फुटायची वेळ. पण सांजच्याला आईला फोनवर सांगत होती, "मी आबांचं बी निवडतीय. माझ्या बियाचं शेत येणार!"

"आवं, लेकराला कशाला फसवताय?" राहीबाई नवऱ्याला म्हणाली.

"तू गप. पोर घरात हाय का न्हाई?"

तीन दिवस पोरगी निवडायची आणि दुसऱ्या सकाळी ती आंघोळीला गेली की हा दोन्ही ढीग परत कालवायचा. वर म्हणायचा, "हे बघ, अजून एक पोतं निघालं!" चौथ्या सकाळी ती टॉवेल विसरली म्हणून माघारी आली. परातीत आबांचे दोन्ही हात मनगटापर्यंत.

"आबा, हे मी निवडलेलं होतं."

तेव्हा तरी गप बसावं ना माणसानं! पण हा हसला. "अगं खुळे, तुला घरात बसवायचं व्हतं."

क्रांती रडली नाही, भांडली नाही. त्या दिवसापासून उन्हात पळणंही बंद. भिंतीला टेकून बसायची, जेवायला हाक मारली की उठायची. जे पाहिजे होतं ते मानसिंगला मिळालं, आणि त्याच्या जिवाला नुसती आग लागून राहिली. आपण पोरीचं काय मोडलं, हे त्याला नीट सांगताही येईना.

परत जायच्या आदल्या दुपारी त्यानं सदऱ्याचं तुटलेलं बटण लावायला घेतलं. सुईचं नेढं काही केल्या दिसेना. शेवटी लाजत म्हणाला, "क्रांते, दोरा ओवून देतीस?"

"खरंच पाहिजे, का मला बसवायला?"

"खरंच, बाळा. शप्पत."

तिनं दोरा ओवून दिला. पण गेली नाही. आबा बटण शिवतोय का दोरा परत काढून टाकतोय, ते बघत बटण लागेपर्यंत समोर उभी राहिली.