शो मागायचा होता

त्या डावात आनंदरावच्या हातात काहीच नव्हतं. चौकटची दुर्री, इस्पिकची पंजी आणि किलवरची अठ्ठी. तीन पत्तीत याहून दरिद्री हात क्वचितच येतो. तरी त्याने पत्ते पाहून सावकाश पालथे ठेवले आणि आठ काड्या पुढे सरकवल्या.

लाखनीच्या एका करमणूक मंडळात दिवाळीनंतरच्या रविवारी हा खेळ व्हायचा. पैसे लावायला मनाई होती, म्हणून प्रत्येकाला आगपेटीच्या शंभर काड्या मिळत. दुपारी दोनला बसायचं, पाचला उठायचं. ज्याच्यापुढे काड्या जास्त, त्याचं बक्षीस. एकोणऐंशी साली बक्षीस होतं टेबलपंखा.

आनंदराव टपाल कचेरीत कारकून होता. मंडळात येऊन त्याला वर्ष झालं होतं. छप्पन साली बौद्ध झालेल्या घरांपैकी मंडळात आलेला तो पहिलाच. वर्गणी घेताना कोणी काही बोललं नव्हतं, पण पानाचा डबा त्याच्यापर्यंत येता येता बंद व्हायचा.

दुपारपासून तो या एका डावाची तयारी करत होता. हलके पत्ते आले की टाकून द्यायचे, चांगले आले तरच चाल करून काड्या वाढवायच्या, आणि शो झाला, म्हणजे शेवटच्या दोघांनी पत्ते उघडायची वेळ आली, की ते सगळ्यांना दिसतील असे मांडायचे. एकदा त्याने तीन सत्त्या दाखवल्या, एकदा राजा-राणी-गुलाम. चार वाजेपर्यंत सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, आनंदराव चाल करतो म्हणजे त्याच्याजवळ आहे. हा भरवसा त्याने पत्ते टाकून टाकून कमावला होता.

पावणेपाचला त्या डावात दोघेच उरले, तो आणि पुंडलिकराव. पुंडलिकरावांची धानाची गिरणी होती आणि मंडळाचे अध्यक्षही तेच होते. त्यांनी आठावर सोळा केले. आनंदरावने चहाचा घोट घेतला, पुन्हा पत्ते पाहिले नाहीत, आणि तितक्याच सावकाश बत्तीस काड्या ठेवल्या. पुंडलिकराव त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. बत्तीस काड्या टाकून शो मागता आला असता. त्यांनी मान हलवली आणि राजांची जोडी खाली टाकली.

"घे. तुझ्याजवळ असल मोठं काही."

आनंदराव काड्या ओढून घेत होता, तेवढ्यात शेजारी बसलेल्या धनीरामने हात घातला आणि त्याचे पत्ते उलटले. धनीराम त्याच्याच कचेरीतला पोस्टमन, रोज दुपारी एका बाकावर बसून डबा खाणारा.

दुर्री, पंजी, अठ्ठी. 

"ही तर सरळ लबाडी झाली," पुंडलिकराव म्हणाले.

"लबाडी कशाची? पत्ते तुमीच वाटले. मी कुठं बदलले का?"

"हातात काही नसून बत्तीसची चाल? आमाले फसवून राहिला तू. हा डाव रद्द. पुन्हा वाटा."

दोघातिघांनी माना डोलावल्या.  गेल्या दिवाळीत पुंडलिकरावांनी हातात काही नसताना श्यामराव मास्तरांना असंच पत्ते टाकायला लावून उठवलं होतं, आणि मग आपले पत्ते स्वतःच दाखवले होते. ती गोष्ट आनंदरावने वर्षभरात वीसेक वेळा ऐकली होती, आणि दर वेळी शेवटी कोणीतरी म्हणायचं, डोकं पाहिजे त्याले. तेच डोकं आज लबाडी झालं होतं.

तो उठला नाही. आवाजही चढवला नाही.

"वाटा पुन्हा," तो म्हणाला. "पण आधी नियम लिहा. मास्तर, वही घ्या. लिहा, हातात पत्ते नसतील तर चाल करायची नाही."

श्यामराव मास्तर मंडळाचे सचिव. त्यांनी वही उघडली, टोपण काढलं आणि थांबले.

"असं लिवलं तर खेळाचं कसं, गा?"

"ते मले काहून विचारता? त्यायले विचारा. आणि नियम मागच्या वर्षापासून धरा. तुमाले उठवलं तो डावही रद्द करा."

मास्तरांनी अध्यक्षांकडे पाहिलं. पुंडलिकराव चिडले.

"मी कधी म्हटलं का चाल करू नका म्हणून? सगळ्यायनं करा. पण तू करशील असं वाटलं नाही. तुले आमी इथं बसवलं, तं सरळ वागावं लागते."

ते बोलून गेले. 

"कोणी बसवलं नाही मले," आनंदराव म्हणाला. "वर्गणी भरून बसलो. पावती आहे."

मास्तरांनी टोपण लावलं. "डाव आनंदरावचा," ते हळू म्हणाले. "शो मागायचा होता, पुंडलिकराव. मागच्या वर्षी मी मागाले पाहिजे होता. नाही मागितला, तं चूप बसलो."

पाच वाजता काड्या मोजल्या. आनंदरावच्या सगळ्यांत जास्त भरल्या. टाळ्या वाजवणारे मास्तर एकटेच. पंखा नको, असं त्याच्या तोंडापर्यंत आलं होतं. मग वाटलं, नको काहून? त्याने खोका खांद्यावर घेतला आणि बाजारातून, सगळ्यांच्या देखत घरी नेला.

सोमवारी दुपारी धनीराम नेहमीसारखा डबा घेऊन बाकावर आला.

"काहून उलटले माझे पत्ते?" आनंदरावने विचारलं.

धनीराम कावराबावरा झाला. "तुह्या भल्यासाठीच. मले वाटलं, एक्के असतील तुह्याजवळ. एकदा दिसले का कोणी बोलणार नाही, खरा माणूस आहे म्हनतील."

"आणि दुर्री निघाली. मग मी खोटा झालो?"

"तसं नाही, गा."

"तसंच आहे. पुंडलिकरावचे मागच्या वर्षी उलटले होते का तू?"

धनीरामने डबा उघडला. तो म्हणाला, "नाही. हातच गेला नसता माहा."

पुंडलिकरावांच्या बोलण्याने झाला नव्हता इतका संताप आनंदरावला या कबुलीने आला.  तरी तो बाकावरून उठला नाही. बाक त्याचाही होता. धनीरामने भाजीची वाटी पुढे केली, ती त्याने परत सरकवली, आणि दोघे आपापल्या डब्यात बघून जेवले.