सोनेरी थेंब

रोवेनाच्या राज्यात ‘डबा’, म्हणजे बाळाच्या पावडरच्या दुधाचा डबा, हा शब्द उच्चारायला बंदी होती. राज्य फोनमधलंच, पण थाट मोठा. ‘कॅल्डर खोऱ्यातल्या दूधवाल्या आया’ असं नाव, चार हजार सभासद आणि गादीवर रोवेना. कुणाला बाटलीबद्दल विचारायचंच असलं तर ‘ती पांढरी वस्तू’ असं लिहायचं, तेही आधी इशारा देऊन, हळव्या मनाच्या बायकांना धक्का बसायला नको म्हणून. इशारा न देता कुणी बाटलीचा फोटो टाकला की उपप्रमुख जेमायमा तो उडवायची आणि पाठोपाठ रोवेनाने लिहून ठेवलेला निरोप जायचा: ‘लाडक्या आई, आम्ही तुला नावं ठेवत नाही. पण तुझी वाट आता वेगळी आहे. तुला खूप खूप माया.’ एवढी माया मिळाल्यावर ती बाई पुन्हा ग्रुपमध्ये दिसत नसे.

या राज्यातला सगळ्यात मोठा मान म्हणजे सोनेरी थेंब. बाळाच्या वजना-लसींच्या नोंदी असलेल्या लाल वहीत सहा आठवड्यांच्या तपासणीचं एक पान असतं. त्यावर नर्स खूण करते: आईचं दूध पूर्ण, थोडं की अजिबात नाही. ‘पूर्ण’वर खूण असलेलं पान ग्रुपवर टाकलं की नावापुढे सोनेरी थेंब चिकटायचा. हे थेंब रोवेना वाटायची. तिच्या स्वतःच्या नावापुढेही एक होता. तो कुणी दिला हे विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

तिच्या वहीत खूण ‘थोडं’वर होती. वही स्वयंपाकघरातल्या खणात, भांडी पुसायच्या फडक्यांखाली होती.

त्याचं असं झालं होतं. तिचा विल्फ तीन आठवड्यांचा असताना वाळत चालला होता. रोवेना दिवसभर त्याला छातीशी धरून रडायची आणि तो तिच्यापेक्षा जोरात रडायचा. शेवटी तिची सासू डोरीन सुपरमार्केटमधून डबा घेऊन आली आणि तो टेबलावर आपटून म्हणाली, “पोरी, रडून झालं असेल तर पाणी उकळायला ठेव.” तेव्हापासून विल्फला आईचंही दूध आणि वर दोन बाटल्याही. डबा ओट्सच्या मोठ्या पिंपात लपलेला. आता विल्फ सात महिन्यांचा होता आणि त्याच्या गालांना हनुवटी सापडत नव्हती. त्या गालांचे फोटो रोवेना दर रविवारी टाकायची. खाली लिहायची, ‘हे सगळं माझंच.’

समोरच्या घरात शेल्बी राहायची. केस कापायच्या दुकानात कामाला होती, स्वभावाने साधी, आणि रोवेनाचा शब्द तिला काळ्या दगडावरची रेघ. तिची मुलगी ईडी तीन आठवड्यांची झाली तरी जन्मल्या दिवशीपेक्षा हलकीच होती. गेला आठवडाभर शेल्बी रोज सकाळी रोवेनाच्या दारात यायची.

“नर्स म्हणते, प्रत्येक वेळी पाजून झालं की वरून बाटली दे,” ती सोमवारी म्हणाली. “गुरुवारी वजन वाढलेलं नसलं तर थेट हॉस्पिटल. जेमायमाला विचारलं, तर ती म्हणते एक बाटली दिली की सगळं संपलं. रोवेना, तू केलंस ना नुसतं अंगावर? मग मला का नाही जमणार?”

रोवेनाने ईडीच्या पायांकडे पाहिलं. विल्फचे पाय असेच दिसायचे, कातडी सैल, गुडघे वर आलेले. तिने खरं सांगायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. कुणीतरी थेंब मागत होतं.

“ओट्सची बिस्किटं खातेस ना नियमित?” रोवेना म्हणाली. “आणि तिला उघड्या अंगाने छातीशी धर. दूध येतं गं. विश्वास ठेव.”

शेल्बीने मान डोलावली आणि ती बिस्किटं करायला घरी गेली.

मंगळवारी बसस्टॉपवर विल्फ झळकला. सहा फूट उंच, तोंडभर हसणारा, आणि त्याच्या डोक्यावर लिहिलेलं: ‘या गालांचं गुपित? टिडलम!’ नवजात बाळांच्या डब्याची जाहिरात करायला कायद्याने मनाई आहे, म्हणून टिडलमवाले सहा महिन्यांपुढच्या डब्याची करतात. दोन्ही डब्यांचा रंग तोच आणि त्यांवरचं अस्वलही तेच, तेव्हा कुणाचं काही अडत नाही. रोवेनाने मे महिन्यात एका पालकांच्या वेबसाइटवर ‘गुबगुबीत गाल’ स्पर्धेत विल्फचा फोटो पाठवला होता. बक्षीस बाबागाडीचं होतं. गाडी मिळाली नाही. अटी मात्र तिने न वाचता मान्य केल्या होत्या, आणि स्पर्धा कुणाच्या पैशाने चालली होती ते आता बसस्टॉपवर कळत होतं.

दुपारपर्यंत ग्रुपवर सहाशे प्रतिक्रिया आल्या. जेमायमाने सगळ्यांदेखत लिहिलं, ‘रोवेना, आमचा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे. म्हणूनच गुरुवारी दुपारपर्यंत विल्फच्या वहीचं ते पान टाक आणि सगळ्यांची तोंडं बंद कर.’ पुढे तीन हृदयं होती.

रोवेनाने तणतणत कंपनीला फोन लावला. “माझ्या मुलाने तुमचं दूध कधी तोंडाला लावलेलं नाही!”

“आईचं दूधच सर्वोत्तम, हे आम्हाला सुरुवातीला सांगावंच लागतं,” पलीकडून मधाळ आवाज आला. “मी टिडलम मम्मी क्लबमधली पॉली. बाळ इतकं गोड आहे! मग ते कुठलं दूध घेतं, डिअर?”

रोवेनाच्या अगदी ओठांवर सुपरमार्केटचं नाव आलं होतं. तिने फोन आपटला.

हे सगळं डोरीन विल्फला रताळं भरवत ऐकत होती. “ते म्हणतात त्यांच्यामुळे, तू म्हणतेस तुझ्यामुळे,” ती म्हणाली. “पोरगं वाढलं मी आणलेल्या डब्यावर, आणि माझा फोटो कुठ्ठेच नाही.”

“डोरीन, तुम्ही गप्प बसा.”

“मी सहा महिने गप्पच बसलेय की. समोरच्या पोरीचं बाळ बघितलंस? त्याच्यापायी मला झोप नाही.”

रोवेनाने फडक्यांखालून वही काढली आणि नर्सच्या पेनासारखं निळं पेन शोधलं. ‘थोडं’वरची खूण पुसून ‘पूर्ण’वर करायला किती वेळ लागणार? पण डोरीन रताळ्याचा चमचा हातात धरून टक लावून पाहत होती. रोवेनाने वही आणि पेन दोन्ही पिशवीत टाकलं.

गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये बाळांची वजनं होती. ग्रुपच्या निम्म्या बायका तिथे हजर होत्या. एरवी एवढी गर्दी नसायची. आज वजन विल्फचं होतं आणि तोलली जाणार होती रोवेना. जेमायमा पुढच्याच खुर्चीत फोन हातात घेऊन बसली होती.

ईडीचा नंबर आधी लागला. नर्सने काटा पाहिला, पुन्हा पाहिला आणि हळू आवाजात म्हणाली, “शेल्बी, आणखी घटलंय. आता एक तर बाटली, इथेच, माझ्यासमोर. नाहीतर मी हॉस्पिटलला फोन लावते.”

“नको ना!” शेल्बी रडायला लागली. “दोन दिवस द्या फक्त. रोवेनालाही असंच झालं असेल सुरुवातीला, तिने नाही दिली बाटली. विचारा तिला! रोवेना, सांग ना यांना!”

हॉलमधल्या सगळ्या माना वळल्या. ईडी रडतही नव्हती. नुसतं तोंड उघडत होती आणि मिटत होती. ते पाहून रोवेनाला स्वतःची इतकी शरम वाटली की तिचे कान तापले. तिने पिशवीतून लाल वही काढली, ते पान उघडलं आणि शेल्बीच्या मांडीवर ठेवलं.

शेल्बीने खूण पाहिली. मग रोवेनाकडे पाहिलं. मग पुन्हा खूण.

“रोज दोन बाटल्या,” रोवेना म्हणाली. “तीन आठवड्यांचा होता तेव्हापासून. माझंही पाजते आणि वरचंही देते.”

विल्फला कडेवर घेऊन आलेली डोरीन कुणी सांगायची वाट पाहत थांबली नव्हती. तिच्या पर्समधून तयार दुधाचा छोटा खोका निघाला आणि धुऊन-उकळून झाकलेली बाटलीही निघाली. दहा दिवस ती हे सामान बरोबर घेऊन हिंडत होती. नर्सने होकार दिला. ईडीने निपल पकडलं आणि हॉलभर तिचे घोट ऐकू येऊ लागले.

रोवेनाचा फोन वाजला. ‘लाडक्या आई, आम्ही तुला नावं ठेवत नाही. पण तुझी वाट आता वेगळी आहे. तुला खूप खूप माया.’ तिने वर पाहिलं. जेमायमा भिंतीवरचं लसीकरणाचं पत्रक अतिशय मन लावून वाचत होती. फोन पुन्हा वाजला. या वेळी खासगी निरोप होता, जेमायमाचाच: ‘कुठला डबा ते सांगतेस का? माझ्या धाकट्याला आमचा सोसत नाहीये. कुणाला कळू देऊ नकोस.’

रोवेना उठून उभी राहिली.

“सुपरमार्केटचा, जेमायमा!” ती हॉलच्या या टोकाहून त्या टोकाला ओरडली. “खालच्या फळीवरचा, साधा! पण आधी नर्सला विचार!”

जेमायमाचा चेहरा लाल वहीशी स्पर्धा करायला लागला. कुणीतरी फिस्सकन हसलं. मागच्या रांगेतल्या तीन थेंबवाल्यांनी हळूच फोन काढून काहीतरी टिपून घेतलं. एवढ्या महिन्यांत रोवेनाला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. आता शेल्बीही हसेल, निदान हात तरी दाबेल, अशा आशेने ती वळली.

शेल्बीने मान वर केली नाही. ती बाटलीत खाली जाणारं दूध पाहत होती.

“एवढ्याच मोठ्याने दहा दिवसांपूर्वी म्हणाली असतीस तर?” ती म्हणाली. “रोज येत होते मी तुझ्या दारात. बिस्किटं खात होते.”

ईडीने बाटली संपवली आणि आणखी हवं म्हणून तोंड उघडलं.