दुसरी साक्षीदार

वकील कोरीनने मिसेस प्रूइटच्या भाचीच्या हातातलं पेन हळूच काढून घेतलं.

"तुमचं नाव आहे ना मृत्युपत्रात?"

"आत्याचा पियानो मला आहे."

"मग तुम्ही सही नाही करायची. साक्षीदार म्हणून सही केलीत की पियानो गेला. ओहायोचा कायदाच तसा आहे."

शेजारीण पुढे सरकली. "द्या इकडे. मला तर हिचं मांजरसुद्धा मिळणार नाही."

खुर्चीतल्या मिसेस प्रूइट हसल्या. दुसरी सही नेहमीप्रमाणे डोलोरेसने केली. तीस वर्षं ती बाहेरच्या टेबलावर बसून हेच करत आली होती: फोन, कॉफी आणि परक्यांच्या मृत्युपत्रांवर साक्ष.

मंडळी गेल्यावर कोरीनने फोन पाहिला. पाळणाघरातून काही नव्हतं. सकाळी लेकीचं, नोराचं अंग किंचित कोमट लागलं होतं. औषध पाजून तिला सोडलं होतं, आणि तिथल्या बाईंना सांगितलं नव्हतं.

नोरा पोटात असताना कोलंबसच्या मोठ्या वकिली फर्मने कोरीनला बोलावलं होतं. तेव्हा या ऑफिसचे मालक, म्हातारे वकील हार्लन म्हणाले होते, "तिकडे कशाला मरायला जातेस? माझ्यामागे ही इमारत, हे ऑफिस तुझंच." तिला इथे आठ वर्षं झाली होती. ती थांबली, आता अकरा झाली. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी हार्लनना फार दिवस उरले नाहीत असं स्पष्ट सांगून टाकलं, आणि ते स्वतःचं मृत्युपत्र करायला नदीपलीकडच्या टिलमन वकिलाकडे जाऊ लागले. कोरीनला ते शुभलक्षण वाटलं. जिला मिळायचं, तिने किंवा तिच्या ऑफिसने कागद लिहायचा नसतो. नवऱ्याला तिने हे दोनदा समजावून सांगितलं होतं.

चार वाजता हार्लननी दार उघडलं.

"दोन मिनिटं ये गं. एक सही हवी आहे."

"कुणाच्या फाइलवर?"

"माझ्या."

आत टिलमन होते, त्यांचा कारकून होता. कारकुनाची सही झालेली होती. शेवटचं पान तेवढं उघडं होतं. बाकीच्या पानांवर टिलमननी तळहात ठेवला होता.

"डोलोरेस आहे की बाहेर," कोरीन म्हणाली.

"डोलोरेस नको." हार्लन खिडकीकडे पाहत होते. "तू कर."

तिच्या खिशात फोन थरथरला. तिने तो काढला नाही. खुर्ची ओढून ती बसली.

"ही सही तुमचीच ना? कुणाच्या दबावाखाली नाही केलीत?"

"माझीच. अगं, हे विचारायला मीच शिकवलं तुला."

"हो. म्हणूनच विचारलं."

तिने सही केली. खाली पत्ता लिहिला, भाड्याच्या फ्लॅटच्या नंबरासकट, सुवाच्य अक्षरात.

"पोरगी कशी आहे?" हार्लननी विचारलं.

"बरी आहे."

बाहेर येऊन तिने फोन पाहिला. पाळणाघरच होतं: नोराला ताप आहे, घेऊन जा. डोलोरेस टेबलावरचे कागद उगाच सारखे करत होती.

"मी म्हटलं होतं, मी करते सही," ती मान वर न करता म्हणाली. "नको म्हणाले."

"अभिनंदन, डोलोरेस."

डोलोरेस उठली. खुंटीवरचा कोरीनचा कोट काढून, उलटी झालेली बाही सरळ करून तिने तो पुढे धरला.

"मला वाटलं होतं, आपल्या दोघींना देतील."