हिरव्या टिकलीचा डबा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे आणि मी चिडलेलो आहे. तुमच्या निबंधांतली छत्री, फळा, मोडकी सायकल हे सगळे म्हातारपणी मोठे समजूतदार होतात. झालं गेलं विसरून गोड बोलतात. मला ते जमणार नाही. मंचरच्या बाजारपेठेत सुभाषचंद शेठचं कटलरीचं दुकान आहे, तिथे मी गल्ल्याशेजारी बसलेलो असतो. माझ्या पोटात आता सेफ्टी पिना असतात. इतकी वर्षं झाली, तरी माझा राग शिळा झालेला नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. प्लास्टिकचे दाणे वितळवून, साच्यात हवा फुंकून मला घडवलं. पांढरंशुभ्र अंग आणि वर सोनेरी झाकण. मग माझ्यात एक फिकट पावडर भरली. तिचं नाव कोलॅजन. जनावरांची कातडी आणि हाडं शिजवून ती काढतात. यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं आणि कंपनीने ते लपवलंही नव्हतं. माझ्या पोटावर एक छोटा चौकोन छापला होता आणि त्या चौकोनात तपकिरी ठिपका. ज्यांना चालतं त्यांनी घ्यावं, ज्यांना चालत नाही त्यांनी ठेवून द्यावं. मी खरं बोलणारा डबा होतो आणि मला त्याचा अभिमान होता.

तो काळ दोन हजार सालानंतरचा. गावोगावी चेनचं वेड आलं होतं. एकाने डबे घ्यायचे, चौघांना विकायचे, त्या चौघांनी आणखी चौघांना. नारायणगावच्या एका मंगल कार्यालयात मीटिंग भरली. टाय बांधलेल्या एका माणसाने पडद्यावर आधी सुरकुतलेला चेहरा दाखवला आणि मग तुकतुकीत. वयाबरोबर अंगातलं कोलॅजन कमी होतं, म्हणून कातडी सैल पडते, सांधे कुरकुरतात, असं त्याने सांगितलं. ते कोलॅजन येतं कुठून, हे त्याने सांगितलं नाही आणि समोरच्यांपैकी कोणी विचारलंही नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर्वांत जोरात टाळ्या वाजवणारा होता सुभाषचंद शेठचा मुलगा प्रितम. संध्याकाळी मी आणि माझी भावंडं खोकी भरून त्याच्या घरी आलो.

प्रितमने मला प्रथम शेजारच्याच एका घरी नेलं. तिथल्या बाईंनी मला हातात घेतलं, ठिपका पाहिला, एक शब्द न बोलता मला खाली ठेवलं आणि मोरीवर जाऊन हात धुतले. त्या घराबद्दल मला आजही आदर आहे, फक्त त्या बाई हे चार जणींत बोलल्या असत्या तर! बाजारपेठेतली ही घरं राजस्थानातून पिढ्यांपूर्वी आलेल्या जैनांची. बोलणं मराठी, पण खाण्याचे नियम कडक.

प्रितम तोंड पाडून दुकानात आला. दुपारची वेळ होती, शेठ जेवून आडवे झाले होते. त्याने मला समोर ठेवलं, थोडा वेळ पाहिलं आणि टिकल्यांची पाकिटं काढली. लाल बाजूला सारल्या, खड्याच्या बाजूला सारल्या. एक लहानात लहान हिरवी टिकली त्याने कागदावरून सोडवली आणि माझ्या तपकिरी ठिपक्यावर चिकटवली. बरोब्बर बसली. चौकोन तसाच, आत हिरवा ठिपका. झालो मी शाकाहारी! माझ्या तोंडाला काळं फासलं असतं तरी चाललं असतं, निदान लोकांना दिसलं तरी असतं. मग त्याने शीळ घालत माझ्या सगळ्या भावंडांना टिकल्या लावल्या.

पहिली फसली त्याची सख्खी बहीण खुशबू. तिच्या गालांवर मुरमांचे डाग राहिले होते आणि घरात तिला स्थळं बघणं चाललं होतं. भावाने आणलेला डबा, त्यात विचारायचं काय? दुसरी फसली त्याची आजी, पानबाई.

या पानबाईंची ओळख करून दिली पाहिजे. पीठ दोनदा चाळल्याशिवाय त्या मळत नसत. पाणी उकळून गार केलेलंच पीत. सूर्य मावळला की तोंडात काही घालत नसत. कांदा, बटाटा, गाजर असलं जमिनीखालचं त्यांनी जन्मात खाल्लं नव्हतं. गुडघ्यांनी मात्र त्यांना जेरीस आणलं होतं. स्थानकात, म्हणजे जैनांच्या प्रार्थनेच्या जागी, जाऊन जमिनीवर बसायचं म्हणजे दोघींनी हात द्यावा लागे.

त्यांनी मला निवडलं ते काही डोळे झाकून नाही. चष्मा लावला, मला उलटंपालटं केलं, हिरवा ठिपका पाहिला. तरी समाधान झालं नाही.

"प्रितम, यात कांदा-लसूण नाही ना रे?"

"नाही, दादी."

"बटाटा? कुठलं कंदमूळ?"

"तुझी शप्पथ दादी, एक कण नाही."

पाहिलंत? शप्पथसुद्धा खरी! जन्मभर जी भीती बाळगली तेवढीच त्यांनी विचारली. पांढऱ्या भुकटीत जनावराचं कातडं असेल हे त्या बिचारीच्या डोक्यात येणार तरी कसं?

रोज सकाळी त्या मला फळीवरून काढत. आधी डोळे मिटून नवकार मंत्र म्हणत, मग झाकण उघडून एक चमचा कोमट पाण्यात ढवळत. त्यांचे ओठ हलत असताना माझा नुसता जळफळाट होई. मी फळीवरून पडून पाहिलं, पण फुटलो नाही. पावसाळ्यात दमट हवेने टिकली सुटेल अशी आशा केली. दुकानातला माल मेला चांगल्या डिंकाचा निघाला.

वाईट म्हणजे त्यांचे गुडघे खरंच थोडे हलके झाले. पावडरीने झाले की नातवाच्या मायेने, मला ठाऊक नाही. स्थानकात त्या कोणाच्या हाताशिवाय बसल्या तेव्हा बायका चकित झाल्या. पानबाई काही शिफारस करतात म्हणजे ती वस्तू दहा वेळा पारखलेली असणार, असा त्यांचा लौकिक होता. एकेक करून माझी भावंडं घराघरांत गेली. माझं कौतुक सुरू झालं, आणि प्रत्येक कौतुकाबरोबर माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

भाद्रपद लागला. जैनांचं पर्युषण चालू होतं आणि बाकीच्यांची गौरी-गणपतीची खरेदी. बऱ्याच बायकांनी आठ दिवसांची अठाई धरली होती. नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहायचं, पर्युषणाचा शेवटचा दिवस म्हणजे संवत्सरी, तिच्या दुसऱ्या दिवशी पारणं करून उपास सोडायचा. उपासाने गळून गेल्यावर काय घ्यावं, असं त्यांनी पानबाईंना विचारलं होतं आणि पानबाईंनी माझं नाव सांगितलं होतं. म्हणजे अठाईच्या तपानंतर त्यांच्या तोंडात पहिलं जाणार ते मीच.

संवत्सरीच्या आदल्या दिवशी अवसरी बुद्रुकच्या चिमाबाई दुकानात आल्या. शेतकरी घरची दणदणीत बाई, पानबाईंची जुनी मैत्रीण. पानबाई गल्ल्याजवळ बसल्या होत्या. मी पडद्यामागे स्वयंपाकघरात होतो, पण चिमाबाईंचं बोलणं भिंतीपलीकडेही ऐकू येतं.

"पानबाई, त्या डब्यावर तुमी फुकट टिकली देता ना हिरवी, ती आमच्या इंद्रायणीला लई आवडली बघा. काढून कपाळाला लावली तर सूनबाई ब्येस दिसाया लागली. तसल्याच टिकल्यांचं पाकीट द्या."

पानबाई हसल्या. "डब्यावर कोणी टिकली देतं का, चिमाबाई? तुमच्या सुनेचीच असेल."

"आवो, न्हाई! त्या चौकोनात बसिवल्याली व्हती. खाली दुसरा ठिपका हाय, विटकरी."

पानबाईंनी हाक मारली, "खुशबू, माझा डबा आण."

मला गल्ल्यावर ठेवलं. पानबाईंचं नख माझ्या पोटावर आलं आणि टिकलीच्या कडेला लागलं. मित्रांनो, या एका नखाची मी किती वाट पाहिली होती! टिकली सुटली आणि त्यांच्या बोटाला चिकटली. खाली माझा खरा ठिपका होता. पानबाईंनी तो पाहिला, बोटावरची टिकली पाहिली, मग समोर टांगलेली टिकल्यांची पाकिटं पाहिली. त्यांना कोणी काही समजावून सांगावं लागलं नाही. त्या तोंडावर पदर धरून मोरीकडे धावल्या. त्या दुखऱ्या गुडघ्यांनी धावल्या.

"काय झालं गं?" चिमाबाईंनी खुशबूला विचारलं.

"मावशी, यात जनावराचं आहे," खुशबू म्हणाली.

"आमाला चालतंय की. आमी बकऱ्याचा पाया शिजवून खातो, लपवून न्हाई खात." एवढं बोलून चिमाबाई थांबल्या आणि त्यांचा चेहरा तांबडा झाला. "पर तुजा भाऊ म्हनला व्हता, उपासाला बी चालतंय! मी संकष्टीला घेतलं हे! तसंच ओझरला जाऊन बाप्पाफुडं हात जोडून आले! कुटं हाय त्यो? बोलीव त्याला भाईर!"

प्रितम मागच्या दाराने आला. मला वाटलं, रडेल. तो म्हणाला, "दादी, गुडघे बरे झाले ना तुझे? मग? बाहेर सगळे असंच करतात."

पानबाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आरडाओरडा ऐकून शेठ आले होते, त्या आपल्या मुलाला म्हणाल्या, "सुभाष, उद्या संध्याकाळच्या आत प्रत्येक घरी कळलं पाहिजे. परवा पारणं आहे."

शेठ आईला 'बाई' म्हणत. ते हात जोडू लागले. "बाई, खुशबूचं स्थळ जुळत आलंय. दुकानाचं नाव जाईल. उद्या संवत्सरी आहे, प्रितम सगळ्यांची क्षमा मागणारच आहे. तो स्वतःच सांगेल."

"सांगेल ना?"

"सांगेल, बाई."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पानबाई मला कापडी पिशवीत घालून स्थानकात गेल्या. मला आत नेलं नाही, बाहेर चपलांपाशी ओट्यावर ठेवलं. योग्यच केलं. आत प्रतिक्रमण, म्हणजे वर्षभराच्या चुका आठवायची प्रार्थना, संपलं आणि माणसं बाहेर येऊ लागली. या दिवशी वर्षभरात कोणाला दुखावलं असेल तर हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणायचं असतं, माझी चूक निष्फळ होवो. फार सुंदर रीत आहे. पण प्रितम हात जोडत आला तो पत्रिका वाटायला निघाल्यासारखा. "मिच्छामि दुक्कडम् काका, मिच्छामि दुक्कडम् मावशी." डब्याचा एक शब्द नाही! एकेक माणूस प्रेमाने त्याला उलट हात जोडत होतं आणि मी चपलांमध्ये बसून दात-ओठ खात होतो.

शेवटी तो आजीच्या पाया पडायला वाकला. पानबाईंनी पाय मागे घेतले.

"कशाबद्दल रे?"

"दादी... जाणता-अजाणता काही चूक..."

"अजाणता? टिकली अजाणता चिकटली?"

शेठ पुढे झाले. "बाई, लोक बघताहेत."

"बघू दे. उद्या सकाळी त्यांनाच प्यायचंय." पानबाईंनी मला पिशवीतून काढून प्रितमच्या हातात दिलं. "बोल. काय केलंस ते सांग आणि मग क्षमा माग."

प्रितमने माझा ठिपका तळव्याखाली झाकला. तो बोललाच नाही. तेव्हा खुशबूने मला त्याच्या हातातून ओढून घेतलं आणि आजीजवळ जाऊन उभी राहिली. तिला ठाऊक होतं, तिचं स्थळ त्याच आवारात उभं आहे.

मग पानबाई बोलल्या. काही आडपडदा ठेवला नाही. माझ्या पोटात काय आहे ते सांगितलं, टिकलीचं सांगितलं. "प्रितमने केलं, पण तुम्ही घेतलंत ते माझ्या शब्दावर. उद्या हे कोणी तोंडात घालू नका. मिच्छामि दुक्कडम्." आणि त्या एकेकीपुढे जाऊन हात जोडू लागल्या.

कोणी रडलं. कोणी त्यांना धरून बसवलं. धापूबाई त्यांची बालपणापासूनची सोबतीण, अठाई करून पार गळालेली. त्या म्हणाल्या, "पानबाई, मी ठिपकासुद्धा पाहिला नव्हता. तुम्ही सांगितलंत म्हणून घेतलं." आणि हात न जोडता चपला घालून निघून गेल्या. पानबाई त्यांच्या पाठीकडे हात जोडून उभ्या राहिल्या. सांगा, जिने फसवलं नाही ती हात जोडून उभी, आणि ज्याने फसवलं तो चपला शोधतोय! मला राग येऊ नये तर काय यावं?

खुशबूचं ते स्थळ मोडलं. पुढे संगमनेरला चांगल्या घरी तिचं लग्न झालं, पण तो दिवस ती विसरली नाही. पानबाईंनी माझी पावडर ओतून दिली, मला राखेने घासलं आणि फेकून न देता गल्ल्याशेजारी ठेवलं. ठिपका प्रितमच्या बसण्याच्या जागेकडे. त्यांचे गुडघे परत धरले. नंतर कोणी कसलंही औषध आणलं तरी त्या ते परत पाठवत. शेवटची वर्षं त्या पायऱ्या बसून बसून उतरल्या.

मित्रांनो, त्वचा उजळायला, सांधे सुधारायला असे डबे आता दुकानादुकानांत मिळतात. घ्यायचे तर घ्या, मी काही माझ्या जातभाईंच्या वाईटावर नाही. पण त्यात काय नाही एवढंच विचारून थांबू नका. ते कशापासून केलंय हे विचारा. देणारा घरचा असला तरी नख लावून पाहा. आणि विकणाऱ्यांनो, आमच्या तोंडून खोटं वदवू नका. आम्हाला उलट बोलता येत नाही.

दुकान आता प्रितम चालवतो. केस पांढरे झालेत. दर संवत्सरीला तो सगळ्या बाजारपेठेला हात जोडतो, पण कशाबद्दल ते आजवर त्याच्या तोंडून निघालेलं नाही. रोज सकाळी दुकान झाडताना तो मला हळूच फिरवतो आणि माझा ठिपका भिंतीकडे करतो. खुशबू माहेरी आली की दुकानात शिरताच आधी मला सरळ करते, मग पाणी पिते.