शेवटच्या रिळातलं पाणी

मूकपट पाहायला बहिरी आत्या, म्हणजे सोन्याहून पिवळं, असं मीच हसत म्हणाले होते. लहानपणी तापात तिचे कान गेले. तेव्हापासून ती ओठ वाचते. घरात तिच्याबद्दल काही बोलायचं तर पाठ फिरवूनच बोलावं लागतं.

जुन्या चित्रपटांच्या फिती धुऊन, सांधून त्यांची नवी प्रत काढायची, हे माझं काम. एका बंद थिएटरच्या अडगळीत सापडलेला हा समुद्रावरचा प्रेमपट माझ्याच टेबलावर आला. नायिका आजोबांची पहिली बायको, आत्याची आई. कॅमेरा आजोबांचा. तेव्हा कॅमेऱ्याचं हँडल हाताने फिरवत, आणि आजोबांचा हात घड्याळासारखा चाले, ही आमच्या घराण्याची बढाई. बाकी या चित्रपटाचं नाव घरात काढायची सोय नव्हती. शूटिंग संपताच बायको तान्ही पोर टाकून नायकाबरोबर पळाली, एवढंच आजोबा सांगत.

"मला टाकून कशी गेली, ते तिच्या तोंडावर वाचायचंय," आत्या म्हणाली. नव्वदीला टेकलेल्या बाईला नाही कोण म्हणणार?

फीत लावली. चाचे, तलवारी, दोरखंड. सगळे माकडांसारखे टणाटण उड्या मारत होते. मला हसू आवरेना. आत्याने माझ्या हातावर फटका मारला.

"एवढ्या घाईत माणसं बोलतात का गं? सावकाश कर."

खरं होतं. हाताने फिरवलेली फीत आजच्या वेगाने चालवायची नसते, हे मी दुसऱ्यांना शिकवते आणि स्वतःच विसरले होते. चडफडत वेग उतरवला. पडद्यावरची माणसं एकदम माणसं झाली, आणि मला हसवेना.

शेवटच्या रिळात नायिका जहाजाच्या कठड्यावर उभी होती. नायक दूर होडीत. तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. सरळ आमच्याकडे पाहून काहीतरी बोलली. पडद्यावर संवादाची पाटी आली, 'प्राणनाथ, ही मी आले!' मग तिने उडी घेतली.

"मागे घे," आत्या म्हणाली. मी मागे घेतलं. तिने पुन्हा ओठ वाचले आणि मोठ्याने म्हणाली, "'अहो, मला पोहता येत नाही हो.'"

"कुणाला म्हणते?"

"इकडे बघून म्हणते. इकडे कोण होतं?"

इकडे आजोबा होते.

उडीनंतर पाणी दिसत राहिलं. एकदा एक हात वर आला. मग फीत संपेपर्यंत नुसतं पाणी. हँडल फिरवणारा हात डगमगला की चित्राचा उजेड कमीजास्त होतो. इथे तो कुठेच कमीजास्त झाला नव्हता. मला आजोबांची किळस आली.

"म्हणजे मला टाकून नव्हती गेली," आत्या म्हणाली. ती रडत होती आणि हसतही होती. मग तिने आपला उजवा हात उलटसुलट करून पाहिला.

"म्हातारपणी दादांचा, तुझ्या आजोबांचा, हात फार थरथरायचा," ती म्हणाली. "घास तोंडापर्यंत जाईना. शेवटपर्यंत मीच भरवत होते."