चारी पाय जमिनीवर

लेकीने कुत्र्याचं पिल्लू घरात आणलं तेव्हाच मी म्हटलं होतं, नसती ब्याद आहे. तिने त्याला काहीतरी गोड नाव दिलं. मी उंडग्याच म्हणायचो. दारात माणूस दिसलं की हा थेट छातीवर. त्यात खुब्याच्या ऑपरेशननंतर बायको आठ दिवसांनी घरी यायची होती, वॉकर धरून. याची एक उडी, की ती पुन्हा दवाखान्यात. मी बजावलं, तोवर शहाणा झाला नाही तर त्याला देऊन टाकणार. लेक कधीच वाद घालत नाही. डोळे मात्र भरले तिचे.

दिवसभर ती दवाखान्यात आईजवळ, म्हणून शिकवणी माझ्याच गळ्यात पडली. जनावरांच्या डॉक्टरने रीत सांगितली होती: उडी मारली की पाठ फिरवायची, चकार शब्द काढायचा नाही. चारी पाय जमिनीवर टेकले की लगेच वळायचं आणि कुरवाळायचं. चाळीस वर्षं सुतारकी केली, दारं बसवली, पण एकाच दारातून इतक्यांदा आत-बाहेर कधी केलं नव्हतं. नाकी नऊ आले. पाचव्या दिवशी पठ्ठ्या बसला एकदाचा.

लेक डबा न्यायला आली होती. मी फुशारकी मारली, बघ कसं जमवलं.

"तुम्हाला जमणारच, बाबा," ती म्हणाली. "मी लहानपणी धावत यायचे, तेव्हा अशीच पाठ फिरवायचात. अंगावर भुसा आहे, लांब हो म्हणायचात. मी गप्प उभी राहायचे. फक्त तुमचं वळायचं राहून जायचं."

रागाने नाही म्हणाली. डबा घेऊन निघून गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठव्या दिवशी वॉकर दारात खटखटला. उंडग्या थरथरला, कुंईकुंई केलं, पण बसून राहिला. बायकोने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. चला, राहिला म्हणायचा आता हा घरात.

तिच्या मागे लेक उभी होती, दोन्ही हातांत पिशव्या, कुणी आपल्याकडे बघेल अशी अपेक्षाच नसल्यासारखी. मी बायकोच्या बाजूने पुढे गेलो.

"आलीस, बाळा?"

पिशव्या खाली पडल्या आणि पस्तीस वर्षांची माझी लेक थेट छातीवर आली. उंडग्या उठायला बघत होता. बायकोने त्याला सांगितलं, तू बस, आता तिचा नंबर आहे.