हजार किलोमीटर जपून

नव्याने बांधलेले इंजिन पहिले हजार किलोमीटर तळहातावरच्या फोडासारखे जपायचे, हा सोमशेखर सरांचा नियम. तंत्रनिकेतनात एकतीस वर्षे त्यांनी तो फळ्यावर लिहून दिला होता. ताशी पंचेचाळीसच्या वर जायचे नाही, एकाच वेगात फार वेळ चालवायचे नाही, गाडीत दोघांहून अधिक माणसे घ्यायची नाहीत, बोजा तर नाहीच नाही. निवृत्तीनंतर स्वतःच्या जुन्या फियाटचे इंजिन बांधून घेतल्यावर त्यांनी हा नियम अक्षरशः पाळला होता, आणि तरीही सातशे ऐंशी किलोमीटरला गाडी मागून निळा धूर सोडत होती. शंभर किलोमीटरमागे पाव लिटर ऑइल पीत होती.

हे दुखणे साधे नव्हते. सिलिंडर बोअर करण्याची ही चौथी खेप. आता आतून आणखी कातायला भिंतीत धातूच शिल्लक राहिला नव्हता. यंदा पिस्टनच्या रिंगा भिंतीला घट्ट बसल्या नाहीत, तर ब्लॉक भंगारात आणि त्यामागोमाग गाडीही. चाळीस वर्षे स्वतःच्या हाताने राखलेली गाडी वजनाच्या काट्यावर चढलेली पाहण्याची सरांची तयारी नव्हती.

उद्यमनगरातल्या गॅरेजात बाळासोने इंजिन बांधले होते. बाळासो त्यांचाच विद्यार्थी, आता पन्नाशीचा.

"रिंगा उलट्या बसवल्या आहेस तू," सर म्हणाले.

"उलट्या कशा बसतील, सर? तुम्हीच हुता की डोक्यावर हुबं, बॅटरी धरून."

"मग धूर कशाचा?"

"रिंगला दाब मिळाला की ती भिंतीला घासतीया, घासली की बसतीया. तुम्ही आठशे किलोमीटर तिला नुसतं गोंजारलंय. चार माणसं घाला आणि चढवा पन्हाळ्यावर."

"बाळासो, हा विषय तुला मी शिकवला आहे."

"व्हय की. पर तवाचं ऑइल येगळं, तवाच्या रिंगा येगळ्या. आता आमी असं करत न्हाय."

सरांनी चष्मा पुसला. ज्याला मायक्रोमीटर कसा धरायचा इथपासून शिकवले, तो आता 'आमी' म्हणत होता. "हजार पुरे होऊ देत," ते म्हणाले. "तोवर धूर थांबला नाही, तर सोमवारी इंजिन उघडायचे."

उरलेले अंतर एका दिवसात संपवावे म्हणून शनिवारी सकाळी ते पत्नी निर्मलाबाईंना घेऊन नेसरीला, थोरल्या बहिणीकडे निघाले. जाऊन येऊन दोनशेच्या आसपास होत होते. निर्मलाबाईंच्या मांडीवर वही होती. दर पाच मिनिटांनी वेग आणि तापमान टिपण्याचे काम त्यांच्याकडे.

"तीस," सर म्हणाले.

"आत्ताच तर पंचेचाळीस लिहिलं."

"वेग बदलायचा असतो. लिही, तीस."

"अहो, मागचा मघापासून हॉर्न वाजवतोय. त्याचंही लिहू का?"

कागलच्या पुढे कारखान्याहून मोकळी परतणारी उसाची ट्रॉली गाणी लावून त्यांना मागे टाकून गेली. एक दुचाकीवाला शेजारी येऊन काचेवर टकटक करत म्हणाला, "पावणं, बंद पडली काय? ढकलू?" सरांनी मान हलवून नाही म्हटले. पुढच्या अर्ध्या तासात आणखी दोघांनी तेच विचारले. त्यानंतरच्या एकाने तर न विचारताच गाडी आडवी घालून थांबवली आणि बॉनेट उघडा म्हणाला. त्याला इंजिनाची कथा समजावण्यात दहा मिनिटे गेली. जाताना तो निर्मलाबाईंना म्हणाला, "काकू, एसटीनं जावा. संध्याकाळपतूर पोचशीला."

नेसरीला पोहोचेपर्यंत सरांचे डोके उठले होते. आक्काकडे जेवण झाले आणि खरी आपत्ती मग सुरू झाली. आक्काच्या घरातून माहेरची गाडी मोकळी परतत नसे. सरांनी हात धुऊन बाहेर येऊन पाहिले, तर मागच्या सीटवर घनसाळ तांदळाचे पन्नास किलोचे पोते बसले होते. शेजारी तीस किलो भुईमुगाच्या शेंगा, पायाशी गुळाचे दहा-दहा किलोचे दोन रवे.

"आक्का, हे काही चालायचे नाही. इंजिन नवे आहे."

"नवं हाय म्हणूनच की, तम्मा," आक्का म्हणाली. धाकट्या भावाला ती अजून तम्माच म्हणत असे. "जुनं असतं तर म्या अर्धं पोतं घाटलं असतं."

"बोजा घ्यायचा नसतो."

"मग काय मोकळी डिकी घेऊन जातोस? गाव काय म्हणंल, आक्कानं भावाला रिकाम्या हातानं लावलं?"

सर पोत्याला हात घालणार इतक्यात शेजारचा ज्ञानू आला. ऐंशी किलोचा गडी, आणि खांद्यावर विहिरीतली जळालेली, चाळीस किलोची पाण्याची मोटर.

"मामा, कागलात वाइंडिंग भराय टाकायचीया. पिकाला पाणी न्हाय चार दिस. मागं बसतो की मी."

बहिणीच्या गावात माणूस सगळ्या गावाचा मामा असतो, आणि मामाला नाही म्हणता येत नाही. सरांनी निर्मलाबाईंकडे पाहिले. त्यांनी वही मिटून पिशवीत घातली होती.

गडहिंग्लजच्या अलीकडचा चढ लागला, तेव्हा गाडी तिसऱ्या गियरमध्ये कण्हू लागली. नियम पाळायचा तर थांबावे लागले असते. थांबले असते तर एवढ्या बोज्यानिशी गाडी चढावर पुन्हा उचलली नसती. सरांनी दात आवळून दुसरा गियर टाकला आणि अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. ज्या गोष्टीसाठी त्यांनी मुलांना वर्गाबाहेर काढले होते, ती स्वतःच्या पायाने करताना त्यांच्या अंगावर काटा आला.

"मामा, मागं धुकं पडलंय," ज्ञानू शेंगा सोलत म्हणाला.

"दिसते आहे मला."

दुसऱ्या चढालाही तेच झाले, पण धूर विरळ होता. सरांना वाटले, वाऱ्यामुळे. महामार्गाच्या चढाला मात्र त्यांनी आरशात पाहिले, तर मागच्या दुचाकीवाल्याचे तोंड स्वच्छ दिसले. त्याच्या शर्टावरच्या रेघासुद्धा. त्यांनी कोणाला काही सांगितले नाही. कागलला ज्ञानू मोटर घेऊन उतरला, तेव्हा इंजिन निवेपर्यंत ते चहासुद्धा न घेता उभे राहिले. मग ऑइलची पट्टी काढली, पुसली, पुन्हा घातली, काढली. नेसरीहून निघताना होती तिथेच पातळी. एक केसभर खाली नाही.

"बरं झालं की मग," निर्मलाबाई म्हणाल्या. "तोंड का असं?"

"वर्षाला साठ," सर म्हणाले. "एकतीस वर्षे. अठराशे साठ मुलांना मी चूक शिकवलेय."

"बाळासोनं तर सुधारून घेतलं ना आपलं आपण?"

सरांनी पट्टी जागेवर खोचली आणि बॉनेट गरजेपेक्षा जोरात आपटले.

सोमवारी 'इंजिन उघडू नकोस' हे सांगायला सर उद्यमनगरात गेले. फोनवरही सांगता आले असते. पण ज्याचे त्याला समोर उभे राहून सांगावे, एवढी शिस्त त्यांच्यापाशी उरली होती. त्यांनी तांदळापासून मोटरीपर्यंत सगळे क्रमाने सांगितले आणि शेवटी म्हणाले, "तुझे बरोबर होते. माझा नियम जुना होता."

बाळासोने हात फडक्याला पुसले. मग त्याने पलीकडच्या लेथवाल्याला हाक मारली, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. "विजयसिंह, हिकडं ये. सरांनी तीन क्विंटल घालून फियाट घाटानं चढवली. रिंगा बसल्या."

विजयसिंह आला, त्याच्या मागून आणखी चौघे. सगळे कधी ना कधी त्यांच्या वर्गात बसलेले. सर मधोमध उभे राहिले आणि बाळासोने ती हकीकत दुसऱ्यांदा सांगितली, ती त्यांनी ऐकून घेतली.

"दोनशे वीस," शेवटी ते म्हणाले. "तीन क्विंटल नव्हे. दोनशे वीस किलो. सांगायचे तर नीट सांग."

"व्हय सर," बाळासो म्हणाला, आणि मागून आलेल्या एकाला त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.